किल्ली कोणाच्या हातीं द्यावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. महाविद्यालयांत असतांना तो आमच्याजवळ तर्कशास्त्र शिकला. पुढें संगणकाच्या व्यवसायांत शिरला, आणि आतां पुण्यास एका कंपनींत नोकरीस आहे. चहा झाल्यावर तो थोडा घुटमळला व म्हणाला, “सर, एक प्रश्न विचारावयाचा आहे. आमच्या धंद्यांतलाच आहे, पण धंद्यांतल्या माणसांना विचारून माझें समाधान झालें नाहीं.” मग त्यानें सर्व हकीकत सांगितली. आठ वर्षांपूर्वीं नोकरीबाहेरच्या वेळांत त्यानें एक लहानसा प्रोग्रॅम लिहून तो सर्वांस मोफत खुला केला. तारखा व वेळा निरनिराळ्या पद्धतींनीं लिहिण्याचें कांहीं किरकोळ काम तो करतो. हळूहळू तो पुष्कळ ठिकाणीं वापरांत आला. रोज कोणी ना कोणी त्यांतील दोष कळवूं लागला. आणि रात्रीं मुलाला निजवून हा त्या दोषांची दुरुस्ती करीत बसूं लागला. अशांत दीड वर्षापूर्वीं एक अनोळखी गृहस्थ मदतीस आले. ते कोठें राहतात, पोटापाण्यासाठीं काय करतात, याची ह्यास कांहींच माहिती नाहीं. तोंड कधीं पाहिलेलें नाहीं. परंतु काम चोख आणि बोलणें नम्र. आतां त्या गृहस्थांनीं विचारलें आहे कीं, प्रत्येक दुरुस्तीस तुमची परवानगी मागण्याऐवजीं मीच ती थेट आंत घालीत गेलों तर चालेल काय? “सर,” आमचा विद्यार्थी म्हणाला, “किल्ली द्यावी कीं न द्यावी?”

उत्तर देण्यास आम्हीं फारसा वेळ लावला नाहीं. दीड वर्ष जो मनुष्य एका पैशाची अपेक्षा न धरतां राबला, त्याजवर अविश्वास दाखविणें हा निव्वळ कृतघ्नपणा होय, असें आम्ही म्हणालों. तो हंसला. “२०२४ सालीं काय झालें तें आपण वाचलेलें दिसत नाहीं, सर.” तें आम्हीं खरोखरच वाचलेलें नव्हतें. तो गेल्यावर वाचलें. आणि आमचें उत्तर एकदां नव्हे, दोनदां बदललें. तें कसें बदलत गेलें हें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें. प्रश्न संगणकाच्या वेषांत आला असला, तरी तो आपणां सर्वांच्या घरचा आहे.

हा विषय सर्वच वाचकांच्या परिचयाचा नसेल, यास्तव प्रारंभीं थोडा खुलासा अवश्य आहे. संगणकानें जें काम करावयाचें त्याचा तपशीलवार हुकूम कोणा माणसानें अगोदर लिहून ठेवावा लागतो. हा लेखी हुकूम म्हणजे प्रोग्रॅम. पुष्कळशा कंपन्या हा मजकूर गुप्त ठेवतात. गिऱ्हाइकास तयार वस्तु मिळते, तिची घडण दिसत नाहीं. याच्या उलट १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं असा संकल्प जाहीर केला कीं, प्रोग्रॅमचा मजकूर ज्यास पाहिजे त्यास वाचतां यावा, नकलतां यावा, बदलतां यावा, आणि बदललेला दुसऱ्यास देतांही यावा. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा आरंभ केला, आणि थोड्याच काळांत जगभरचे लोक त्यांत भर घालूं लागले. अशा प्रोग्रॅमांस आज मुक्तस्रोत म्हणतात. हें कांहीं दूरदेशच्या पंडितांचें खेळणें नव्हे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं लिनक्सच आहे. आणि त्या फोनवर मुलीचा मराठी मजकूर उमटतो तेव्हां त्यांतील जोडाक्षरें नीट जुळवून देण्याचें काम हार्फबझ नांवाचा असाच एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम करीत असतो. त्याबद्दल आम्हीं कोणास कधीं एक पैसाही दिलेला नाहीं. आणि हा लेख लिहावयास बसेपर्यंत त्या प्रोग्रॅमचें नांवही आम्हांस ठाऊक नव्हतें.

‘मुक्त’ या शब्दानें मात्र एक गैरसमज होतो, आणि तो आमचाही झाला होता. ज्याचें दार सर्वांस उघडें, त्यास किल्ली कसली? परंतु येथें तीन निरनिराळे हक्क एकत्र मिसळले जातात. मजकूर वाचण्याचा हक्क एक. त्याची नक्कल आपल्या घरीं नेऊन ती हवी तशी बदलण्याचा दुसरा. आणि ज्या सामाईक मूळ प्रतीवरून सारे जग नकला घेतें त्या प्रतींत बदल घालण्याचा तिसरा. पहिले दोन हक्क कोणाचेही आहेत. तिसरा हक्क मात्र मोजक्या माणसांच्याच हातीं असतो, आणि त्यासच आमचा विद्यार्थी किल्ली म्हणत होता. ज्याजवळ ती असते त्यास त्या व्यवसायांत ‘मेंटेनर’ म्हणतात. आम्ही त्यास राखणदार म्हणूं. कोणीही दुरुस्ती लिहून राखणदाराकडे पाठवावी. त्यानें ती तपासावी, पटली तर आंत घ्यावी, न पटली तर कारण सांगून परत करावी, अशी सामान्य रीत आहे.

आतां हा अधिकार नेमका कशावर चालतो? मजकुरावर चालतो असें म्हणवत नाहीं, कारण मजकूर कोणीही उचलून नेऊं शकतो. राखणदार मनमानी करूं लागला तर असंतुष्ट लोक सारी प्रत घेऊन निराळी चूल मांडतात. २०१० सालीं ‘ओपनऑफिस’ या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या पुष्कळांनीं हेंच केलें व ‘लिब्रेऑफिस’ निर्माण झाला. मग किल्लीवाल्याजवळ उरतें काय? उरतें तें नांव, आणि त्या नांवाची पत. एका ठराविक नांवाची नवी आवृत्ति निघाली कीं ती लक्षावधि यंत्रांत न वाचतां, न तपासतां घेतली जाते, कारण आजवर त्या नांवानें दगा दिलेला नाहीं. तेव्हां किल्ली देणें म्हणजे, जी पत दुसऱ्या कोणी वर्षानुवर्षें खपून मिळविली ती खर्च करण्याची मुभा देणें होय. प्रश्नाचें हें रूप लक्षांत आलें तेव्हां आमच्या चटकन् दिलेल्या उत्तराची आम्हांस प्रथम लाज वाटली.

ही मुभा आजपर्यंत बहुधा सेवेच्या मापानें दिली जात आली. १९९५ सालीं अपाची या प्रसिद्ध प्रोग्रॅमभोंवतीं जी मंडळी जमली, तिच्यापासून हा रिवाज विशेष नांवारूपास आला: जो काम करील त्याचा शब्द चालेल, आणि जो अधिक करील त्यास अधिक अधिकार मिळेल. येथें पदवी विचारीत नाहींत, घराणें विचारीत नाहींत, तोंडही पाहत नाहींत. आम्ही ज्या महाविद्यालयांत सारा जन्म घालविला तेथें नेमणुकीच्या वेळीं काय काय विचारलें जातें हें आठवून, हा रिवाज आम्हांस आमच्याहून कितीतरी शुद्ध वाटला. त्याच्या पोटीं एक गृहीत मात्र आहे: दीर्घकाळ केलेली निरपेक्ष सेवा हा सच्चेपणाचा पुरावा होय. २०२४ च्या प्रकरणानें या गृहीतावरच घाव घातला.

एक्सझेड नांवाचा एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. मजकूर दाबून लहान करणें एवढेंच त्याचें काम. परंतु लिनक्सच्या बहुतेक सर्व वितरणांत तो असतो. फिनलंडमधील एक गृहस्थ अनेक वर्षें तो जवळजवळ एकट्यानें, बिनमोबदला सांभाळीत होते. २०२१ सालीं जिया तान असें नांव लावणारा कोणी तेथें दुरुस्त्या पाठवूं लागला. दुरुस्त्या चांगल्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यांत इतर कांहीं नांवांनीं पत्रें येऊं लागलीं: काम फार मंद चाललें आहे, राखणदाराला आस्था उरलेली नाहीं, दुसऱ्या कोणास तरी नेमावें. त्या गृहस्थांनीं उत्तर दिलें कीं, आस्था आहे. परंतु दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळें काम फार होत नाहीं, आणि हा शेवटीं फुकट केलेला छंदाचा उद्योग आहे हेंही ध्यानांत असावें. एका थकलेल्या माणसाचें तें सरळ निवेदन होतें. त्यावरही तगादा थांबला नाहीं. अशा वेळीं मदतीस तत्पर असा एकच मनुष्य समोर होता. त्यास किल्ली मिळाली, आणि २०२३ सालीं तो स्वतः नव्या आवृत्त्या काढूं लागला.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्यानें काढलेल्या ५.६.० या आवृत्तींत, व ९ मार्चच्या ५.६.१ मध्येंही, एक चोरवाट होती. दुरून येणाऱ्या माणसास संगणकांत प्रवेश देणारा एसएसएच नांवाचा जो द्वारपाल असतो, त्यास ती कित्येक लिनक्स वितरणांत फितवीत होती. ज्याजवळ एक विशिष्ट गुप्त खूण असेल त्याचा हुकूम द्वारपालानें निमूट पाळावा अशी योजना होती. सुदैवानें त्या आवृत्त्या मुख्यतः चांचणीच्या वितरणांतच पोंचल्या होत्या. अँड्रेस फ्रॉइंड नांवाचे एक प्रोग्रॅमर आपल्या यंत्रावर कांहीं निराळेंच मोजमाप करीत असतां, प्रवेशास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं तो धागा सोडला नाहीं. आणि २९ मार्च रोजीं सारा प्रकार जगापुढें मांडला. जिया तान त्या दिवसापासून पुन्हां कोणास दिसला नाहीं. त्या नांवाचा खरा मनुष्य कोठें होता असें आजतागायत कोणी दाखवून दिलेलें नाहीं. तगाद्याचीं पत्रें लिहिणारीं नांवेंही त्याचीच असावींत, असा जाणत्यांचा तर्क आहे.

हें वाचून आमचें दुसरें उत्तर तयार झालें: कोणासही किल्ली देऊं नये. दोन वर्षें सोसलेला सोज्वळपणा जर सोंग ठरूं शकतो, तर सेवेचा पुरावा तो काय राहिला? परंतु हेंही उत्तर चार दिवसांहून अधिक टिकलें नाहीं. एक तर जो कोणासच किल्ली देणार नाहीं, तो ती आपल्याच कमरेला कायमची लावून ठेवणार. आणि तो स्वतः तरी अढळ राहील हें कशावरून? २०१६ सालीं लेफ्ट-पॅड नांवाचा अवघ्या अकरा ओळींचा एक प्रोग्रॅम त्याच्या कर्त्यानें एका वादांत संतापून सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला, आणि त्यावर विसंबलेलीं कित्येक कामें एकाएकीं अडलीं. तेथें कोणी परका शिरला नव्हता. किल्ली धन्याच्याच हातीं होती. दुसरें असें कीं, थकलेल्या माणसास ‘किल्ली देऊं नको’ असें सांगणें म्हणजे ‘मरेपर्यंत एकटाच राब’ असें सांगणें होय. २०१८ सालीं इव्हेंट-स्ट्रीम या प्रोग्रॅमच्या कर्त्यानें, आपणांस त्याचा उपयोग उरला नाहीं म्हणून, सांभाळूं इच्छिणाऱ्या एका अनोळखी माणसास तो देऊन टाकला. त्या माणसानें पुढें त्यांत बिटकॉइनच्या चोरीचें साधन दडविलें. सर्वांनीं मूळ कर्त्यास दोष दिला. परंतु फुकट केलेलें काम, ज्यांत आतां मन नाहीं, तें आणखी किती वर्षें करीत राहावें अशी दोष देणारांची अपेक्षा होती, हें त्यांपैकीं थोड्यांनींच सांगितलें असेल.

तेव्हां ‘विश्वास’ आणि ‘संशय’ या दोन टोंकांत आम्ही उगीच हेलकावे खात होतों. प्रश्नाची मांडणीच चुकत होती. एक्सझेडच्या राखणदारानें विश्वास ठेवला हा त्यांचा अपराध नव्हे. विश्वासावांचून दोन माणसें मिळून एक ओळही लिहूं शकणार नाहींत. बिघाड होता तो देण्याच्या वस्तूंत. त्यांच्याजवळ एकच अखंड किल्ली होती: दुरुस्त्या तपासण्याची, त्या आंत घालण्याची, नवी आवृत्ति बांधून जगास देण्याची. ती देणें म्हणजे सर्व देणें, न देणें म्हणजे कांहींच न देणें. मधला मार्ग त्यांच्यापुढें नव्हता. आम्हीही विद्यार्थ्यास सल्ला देतांना ‘किल्ली’ हा शब्द एकवचनींच वापरीत होतों.

१९७५ सालीं साल्त्झर व श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनीं संगणकांतील मजकुराच्या संरक्षणाविषयीं एक निबंध लिहिला. त्यांतील दोन तत्त्वें येथें लागू पडतात. एक असें कीं, ज्यास जें काम करावयाचें त्यास त्या कामापुरताच अधिकार असावा. दुसरें असें कीं, महत्त्वाचें कुलूप दोन किल्ल्यांवांचून उघडूं नये. याचा दाखला त्यांनीं बँकेंतील तिजोरीच्या खणाचा दिला. आपल्याकडे घरोघरचे दागिने याच रीतीनें ठेवलेले असतात: एक किल्ली आपली, एक बँकेची. बँकेचा मनुष्य आपली किल्ली आणतो म्हणून आपल्या सचोटीवर डाग पडला असें कोणत्याही गृहिणीस वाटत नाहीं.

मुक्तस्रोताच्या जुन्या संस्थांनीं ही वांटणी फार पूर्वींच केलेली आहे. लिनक्समध्यें शेंकडों लोक दुरुस्त्या पाठवितात. एकेका भागाचे राखणदार त्या पारखून वर धाडतात, आणि शेवटची प्रत तोरवाल्ड्स यांच्याकडे सिद्ध होते. २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखालीं, ती ज्यांच्या हातांतून गेली त्यांची सही असते. डेबियन या संस्थेंत पूर्ण सभासदाहून निराळा असा एक वर्ग आहे. त्यांतील माणसास नेमून दिलेल्या प्रोग्रॅमांपुरतीच मुभा असते, इतरांस त्यानें हात लावावयाचा नाहीं. फ्रीबीएसडीमध्यें नव्या माणसास किल्ली मिळाली तरी कांहीं काळ एक जुना जाणता त्याच्या पाठीशीं असतो व त्याच्या संमतीनेंच काम चालतें. आणि जो फार दिवस कामावर फिरकला नाहीं त्याची किल्ली ‘सांभाळून ठेवण्यासाठीं’ परत घेतात. ही शब्दयोजना आम्हांस मोठी सुसंस्कृत वाटली. अधिकार काढून घेणें म्हणजे माणसास पदभ्रष्ट करणें अशी आपल्या समाजांत समजूत असल्यामुळें, आपल्या कित्येक संस्थांतून किल्ल्या माणसांबरोबर स्मशानापर्यंत जातात. पायथन या भाषेचे जनक गीदो फान रॉसम यांनीं २०१८ सालीं अंतिम निर्णयाचा अधिकार आपण होऊन सोडला, आणि २०१९ पासून तो पांच निवडून दिलेल्या माणसांच्या मंडळाकडे आहे; त्या पांचांत एकाच कंपनीचे दोहोंहून अधिक लोक असूं नयेत असा नियम आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, अशा मर्यादा घातल्यानें प्रामाणिक माणसाचा अवमान होतो. आक्षेप क्षुल्लक नाहीं. ज्या घरांत धाकट्या सुनेच्या हातून कपाटाची किल्ली काढून घेतात, त्या घरांतील दुखावलेलीं मनें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु तेथें दुखतें तें मर्यादेमुळें नव्हे. ती मर्यादा थोरल्या सुनेस लागू नसते, म्हणून दुखतें. नियम घालणारा स्वतःस वगळतो तेव्हांच नियमाचें रूपांतर संशयांत होतें. राखणदारानें स्वतःची दुरुस्तीही दुसऱ्यानें पाहिल्यावांचून आंत घालावयाची नाहीं असें ठरविलें, तर नव्या माणसास कोणत्या तोंडानें राग येईल? शिवाय मर्यादा ही प्रामाणिक माणसाची ढाल आहे. २०२१ च्या मार्चमध्यें पीएचपी या भाषेच्या भांडारांत दोन घातक बदल आढळले. खालीं नांवें होतीं तिच्या जनकाचें व दुसऱ्या एका मान्यवर कार्यकर्त्याचें. दोघांनींही ते केलेले नव्हते. कोणी तरी त्यांच्या नांवानें घुसडले होते. थोड्याच तासांत ते काढून टाकले गेले. माणूस कितीही चांगला असला तरी त्याचें नांव चोरतां येतें. आणि चोरलेल्या नांवानें सारे जग उघडत नसेल, तर तें त्या माणसाचेंच भाग्य.

तथापि नियमांनीं सर्व साधतें असा भ्रम वाचकांच्या मनांत आम्ही निर्माण करूं इच्छीत नाहीं. एक्सझेडमधील चोरवाट कोणत्याही नियमानें पकडली नाहीं. ती एका माणसाच्या चौकसपणानें पकडली. मात्र तो चौकसपणा सफल झाला, कारण मजकूर उघडा होता व शंका आलेल्या परक्या माणसास तो कोणाच्याही परवानगीवांचून वाचतां आला. उलटपक्षीं चोरवाटेचे तुकडे चांचणीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत, वाचतां न येणाऱ्या रूपांत ठेवलेले होते. आणि त्यांना जागें करणारा भाग सर्वांच्या डोळ्यांपुढील भांडारांत नव्हताच, तो फक्त वांटपासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत होता. घात झाला तो उघडेपणा जेथें संपत होता तेथून झाला. यावरून इतकें तरी म्हणतां येईल कीं, अधिकार वांटतांना ‘कोणास’ यापेक्षां ‘कोणाच्या देखत’ हें अधिक विचारलें पाहिजे.

आणि अजून एक गोष्ट उरते. ती लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण तिचा रोंख आमच्याकडेच आहे. दोन किल्ल्यांचा नियम कितीही चांगला असला, तरी त्यास निदान दोन माणसें लागतात. एक्सझेडजवळ दुसरा माणूस नव्हता. असता तर जिया तान यास जागाच मिळाली नसती. लक्षावधि लोक, मोठमोठ्या कंपन्या, सरकारें ज्या कामावर विसंबून होतीं, तें एक आजारी मनुष्य आपल्या फावल्या वेळांत ओढीत होता. आणि जगाकडून त्यास त्या दिवसांत मिळालीं तीं तगाद्याचीं पत्रें. तीं पत्रें सोंगाचीं असतील. परंतु सोंग खपलें तें कां? खऱ्या वापरणारांचीं पत्रेंही बहुधा त्याच सुराचीं असतात म्हणून. जे फुकट घेतात त्यांची अधीरता इतकी सर्वत्र आहे कीं, कपटी माणसास ती पांघरून गर्दींत मिसळतां आलें. फोनमधील एखादी सोय बिघडली कीं आम्हीही प्रथम चिडतों; ती कोणाच्या रात्रींवर उभी आहे हा विचार आमच्या मनांत या वर्षापर्यंत कधीं आलेला नव्हता. राखणदाराची शक्ति ही सार्वजनिक ठेव आहे. ती झिजविण्यांत आपण सर्व सामील असतों, आणि ती संपली म्हणजे विश्वासघाताची चर्चा मोठ्या आवेशानें करतों.

हे सर्व विचार आम्हीं विद्यार्थ्यास पत्रानें कळविले. त्या अनोळखी गृहस्थांस नाहीं म्हणूं नको. परंतु एक मोठी किल्ली देण्याऐवजीं तिच्या चार लहान किल्ल्या कर, आणि पहिली मर्यादा स्वतःस घाल. आवृत्ति बांधण्याचें काम उघड्या जागीं, दोघांच्या डोळ्यांदेखत होऊं दे. ज्या कंपन्या तुझा प्रोग्रॅम वापरतात त्यांच्याकडे पैसा नव्हे तर एक माणूस माग; तूं थकला आहेस हें त्यांस स्पष्ट लिही. आणि निर्णय कोणत्याही तगाद्याच्या आठवड्यांत घेऊं नको. एवढाच आमचा सल्ला होता. त्यांत कांहीं नवें तत्त्व नाहीं. घर, पेढी, वाचनालय चालविणाऱ्या समंजस माणसांस तो पूर्वींपासून ठाऊक आहे.

पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. त्यानें तसें केलें होतें. आतां त्याचीही दुरुस्ती दुसऱ्याच्या संमतीवांचून आंत जात नाहीं. पहिल्याच आठवड्यांत त्या गृहस्थांनीं ह्याची एक ढोबळ चूक काढून ती परत पाठविली. एका कंपनीनें आपला एक मनुष्य आठवड्यांतून अर्धा दिवस देण्याचें कबूल केलें आहे. बाकीच्या तीन कंपन्यांनीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. ते गृहस्थ सच्चे आहेत कीं नाहींत, हें त्यास पूर्वींइतकेंच अज्ञात आहे. पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें, “सर, ते कोण आहेत हा विचार करीत मी तीन महिने जागलों. आतां ते कोण आहेत हें मला कळलेलें नाहीं, पण झोंप लागते.”